एक्केचाळीस चौकोन

भिंतीवर एकदम एक्केचाळीस बाबा उगवले, तेव्हा त्याच्या हातातला चहाचा कागदी कप तिरका झाला आणि गरम चहा मनगटावरून बाहीत शिरला. भाजलं, पण त्याने हात हलवला नाही. फोटोच्या वर्गातल्या सरांनी प्रत्येकाला एकच फोटो आणायला सांगितलं होतं. बाकी सगळ्यांनी आपापला फोटो वेगळा काढून, त्याला शहाण्यासारखं नाव देऊन आणला होता. याला ते येत नव्हतं. कार्डावरून एकच फोटो बाजूला कसा करायचा हे ज्या रविवारी शिकवलं, त्या रविवारी हा सर्दीने घरी पडून होता, आणि पुढच्या आठवड्यात विचारायची लाज वाटली. पन्नाशी उलटलेल्या माणसाने एवढंही विचारायचं म्हणजे फारच झालं. म्हणून त्याने कॅमेऱ्यातलं कार्डच उपसलं, पाकिटात घातलं, वर बॉलपेनने 'फोटो क्रमांक ३८' असं लिहिलं आणि पाकीट सरांच्या हवाली केलं. सरांनी कार्ड प्रोजेक्टरला जोडलेल्या लॅपटॉपमध्ये खुपसलं मात्र, अडतिसावा उघडायच्या आधी सगळेच्या सगळे फोटो लहान लहान चौकोनांनी भिंतीवर पसरले. काढले त्याच क्रमाने, आणि प्रत्येकाखाली वेळ. तीन वाजून बारा मिनिटांपासून तीन वाजून सत्तेचाळीस मिनिटांपर्यंत. पितळ उघडं पडायला एवढं पुरे होतं, फक्त ते वाचणारं कोणी हवं होतं, आणि त्या खोलीत ते वाचू शकणारा माणूस बहुधा तो एकटाच होता.

वरच्या ओळीत बाबा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात होते. गळ्याचं बटण लावलेलं, भांग पाण्याने चापून बसवलेला, आणि ओठ किंचित विलग, म्हणजे दात दिसावेत इतकेच. दुसऱ्या ओळीत तेच, पण खुर्ची खिडकीजवळ सरकलेली. तिसऱ्या ओळीत गळ्याचं बटण उघडं. चौथ्या ओळीच्या सुरुवातीला एका चौकोनात बाबांच्या डोक्यावर एक हात होता, घड्याळ घातलेला, केस विस्कटत असलेला. तो हात त्याचाच होता. तेच घड्याळ आत्ता त्याच्या चहाने भिजलेल्या मनगटावर टिकटिकत होतं. त्यानंतरच्या दोन चौकोनांमध्ये चार मिनिटांचं अंतर होतं, आणि त्या चार मिनिटांच्या पलीकडे बाबांच्या तोंडात दात नव्हते. तिथून पुढे सगळे फोटो म्हातारपणाचे होते. त्याच्याआधीचे नुसते एका म्हाताऱ्या माणसाचे होते. अडतिसाव्यात मान एका बाजूला कललेली, गाल आत गेलेले, ओठ पिशवीच्या नाडीसारखे आवळून आलेले, आणि तोंडाच्या कोपऱ्यात लाळेचा एक थेंब, ज्यावर खिडकीचा उजेड बरोबर येऊन बसला होता. त्या थेंबासाठी तो सात फोटो थांबला होता. पुसायला नाही उठला.

तो एका मुरांबे आणि जॅम भरणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात होता. एकवीस वर्षं. पूर्वी लोक पत्रं लिहीत, क्वचित बरणीच पाठवून देत. आता फोटो पाठवतात. सकाळी टेबलाशी बसलं की पहिला फोटो उघडायचा आणि पोटात ढवळायला सुरुवात. बुरशी, केस, माशीचा पाय, अर्धी अळी, कोणाचं तरी नख. लोकांना फोटो काढता येत नाही, पण घाण दाखवता येते. कधी बरणीपेक्षा बरणीमागचं घरच जास्त दिसतं, मळकं फडकं, मोरीतली भांडी, कोणाचे तरी उघडे पाय. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की भाजीत आधी तो काहीतरी शोधायचा, आणि सापडलं नाही तरी घास घशाखाली नीट उतरायचा नाही. या नोकरीने त्याला एकच विद्या दिली होती. खरी तक्रार आणि रचलेली तक्रार तो एका नजरेत ओळखायचा. जॅमच्या आत गेलेला केस वेगळा दिसतो आणि वरून ठेवलेला केस वेगळा. वरून ठेवलेल्याच्या भोवती जॅम फार शहाण्यासारखा वागतो, जरासुद्धा ढळत नाही. शिवाय रचणारा माणूस एकाच्या जागी पाच फोटो पाठवतो आणि पाचही फोटोंत केस जागा बदलतो. असले फोटो मोठे करून तो साहेबांना दाखवायचा आणि म्हणायचा, "हे बघा, इथे बाईंचं बोट दिसतंय." साहेब मान वर न करता 'फेटाळली' असा शेरा मारायचे. आणि त्याला त्या अनोळखी बाईची अशी शिसारी यायची, की फुकटच्या दोन बरण्यांसाठी स्वतःच्या डोक्यावरचा केस उपटून खाण्याच्या वस्तूत ठेवणारी ती बाई त्याला अळीहून वाईट वाटायची. फोटोच्या वर्गाला नाव घातलं तेही त्या शिसारीपायीच. वाटलं होतं, निदान रविवारी तरी डोळ्यांना काहीतरी धड दिसेल. झाड, पाणी, एखादं फूल.

"वा, वा, वा," सर म्हणाले. सर पस्तिशीचे होते, खिशाखिशांचं जाकीट घालायचे आणि वर्गात कोणालाच नावाने हाक मारत नसत. "जॅमसाहेब, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात. थांबा, अडतीस नंतर. आधी हे सगळं बघा, मंडळी. हे बघा, कसा शोध घेतलाय. सुरुवातीला काय आहे? पासपोर्टचा फोटो. काही अर्थ आहे का त्यात? नाही. मग हळूहळू एकेक गोष्ट काढत नेलीय. बटण गेलं, भांग गेला..." सरांची काठी चौकोनाचौकोनांवरून फिरत चौथ्या ओळीशी आली. "इथे तर हात दिसतोय! याला म्हणतात धाडस. आणि मग दात गेले. बघताय ना? खोटं होतं ते सगळं गेलं आणि माणूस उरला."

कोणीतरी टाळी वाजवली. मोठ्या लेन्सवाला म्हणून वर्गात ओळखला जाणारा जाडा गृहस्थ मागून म्हणाला, "सर, त्वचा काय आलीय! एकेक सुरकुती मोजून घ्या." सरांनी अडतिसावा उघडला आणि मोठा केला. मग आणखी मोठा. बाबांचं तोंड दारापासून खिडकीपर्यंत गेलं. हिरडीची कड, नाकातला एक पांढरा केस, हनुवटीवर दाढी करताना राहून गेलेले चार खुंट, आणि तो थेंब, आता माणसाच्या डोक्याएवढा. रोज सकाळी ऑफिसात जे ढवळायचं तेच त्याच्या पोटात ढवळायला लागलं, पण या वेळी त्यात आणखी काहीतरी मिसळलेलं होतं, आणि ते ओळखल्यावर त्याला जास्तच मळमळलं. त्याला बरं वाटत होतं. एकवीस वर्षांत कोणी त्याला वा म्हटलं नव्हतं, आणि आत्ता माणसं मान वळवून त्याच्याकडे बघत होती. तो हसलासुद्धा. सरांनी भिंतीचा फोटो आपल्या फोनवर काढून घेतला आणि वर्गाच्या प्रदर्शनात, हॉलमध्ये लावायच्या फोटोंत हा पहिला, असं जाहीर करून टाकलं.

खरं म्हणजे फोटो बाबांनी मागितला होता. आयुष्यात त्यांनी मुलाजवळ फारसं काही मागितलं नव्हतं, मागायचा त्यांचा स्वभावच नव्हता. एका मोठ्या हॉटेलात ते लिफ्ट चालवायचे. छत्तीस वर्षं तीन बाय चारच्या पेटीत उभे, पितळी बटणांचा कोट घालून. रोज सकाळी ती बटणं राखेने घासायचे, आणि लहानपणी त्याला त्या घासण्याच्या आवाजाने जाग यायची. "पेटीत माणूस जवळ उभा राहतो," ते म्हणायचे, "त्याला आपला त्रास होता कामा नये." म्हणून नखं कापलेली, तोंडात लवंग, केस चापून. वयाच्या पासष्टाव्या वर्षी दात गेले आणि कवळी आली, तेव्हापासून त्यांना कवळीशिवाय कोणी पाहिलं नव्हतं. आईनेसुद्धा नाही. रात्री दिवा मालवल्यावर, भिंतीकडे तोंड करून ते दात काढायचे आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठून बसवायचे. शेवटच्या आजारात आई एकदा त्याला हसून म्हणाली होती, "माझ्याशी एवढा संसार केला, पण दात काही दाखवले नाहीत बघ." याने कॅमेरा घेतल्याचं कळल्यावर बाबांनी दोन दिवस काही म्हटलं नाही आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मग माझा एक नीट फोटो काढशील का? मागे राहील असा. तुमच्याकडे माझा एकही धड नाहीये, सगळ्यांत मी कोणाच्या तरी मागे उभा आहे." शनिवारी दुपारी ते सांगितल्या वेळेच्या अर्धा तास आधीच शर्ट घालून खुर्चीत बसले होते. सुनेकडून मागून घेतलेला आरसा मांडीवर होता.

पहिले आठ फोटो त्याने खरोखर त्यांच्यासाठीच काढले. पण हात नवशिका, खोलीत उजेड कमी, आणि शटर इतकं सावकाश ठेवलेलं की आठही फोटो हलले. बाबा मात्र दर वेळी श्वास रोखून बसत आणि झाल्यावर विचारत, "आला?" तो म्हणे, "आला." मग कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघता बघता त्याला सरांचं वाक्य आठवलं की चेहरा हवा, मुखवटा नको, आणि त्याने खुर्ची खिडकीशी ओढली. गरम होत असेल म्हणून बटण काढलं. केसांना कॅमेऱ्याचा पट्टा लागला असं म्हणत केस विस्कटले. प्रत्येक वेळी जिभेवर कारण तयार होतं, आणि कारणं इतकी पटापट कुठून येतात याचं त्याला त्या वेळी नवल नाही वाटलं. मग तो म्हणाला, "बाबा, हिरडी सुजल्यासारखी दिसते तुमची. दात काढा जरा, बघू."

"आत्ता? नंतर बघ."

"नंतर उजेड जाईल. सूज वाढली तर रात्री कळ येईल. काढा."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दार लाव."

त्याने दार लावलं. हीच ती चार मिनिटं. बाबांनी तोंड फिरवलं, रुमाल धरला, आणि कवळी रुमालात घेऊन मांडीवर ठेवली. मग मान वर करून, लहान मूल डॉक्टरपुढे उघडतं तसं त्यांनी तोंड उघडलं. हिरडी लालसुद्धा नव्हती. तो वाकला, बघितलं, हं म्हणाला, दोन पावलं मागे आला. कॅमेऱ्याचा आवाज बंद करायला तो त्याच आठवड्यात शिकला होता. "बसवू का आता?" बाबांनी विचारलं, आणि तो म्हणाला, "थोडी हवा लागू दे हिरडीला." त्या हवेत त्याने वीस फोटो काढले. बाबांना कळलं नाही. ते खिडकीबाहेर बघत होते, मुलगा आपल्या हिरडीची काळजी करतोय म्हणून बरं वाटत असावं, चेहरा सैल सुटला होता. सर आत्ता ज्याला उरलेला माणूस म्हणत होते, तो हा असा मिळाला होता.

वर्ग सुटल्यावर जिन्यात शिवणकाम शिकवणाऱ्या बाई त्याच्याबरोबर उतरल्या. वर्गात त्या कधी बोलत नसत, फोटोही बटणांचे आणि दोऱ्यांचेच काढत. खालच्या पायरीवर थांबून त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"एक विचारू? वडील तुमचे पहिल्या फोटोत किती छान दिसतात. तोच का नाही दिलात?"

"तो हललाय," तो म्हणाला.

"कोण? ते हलले?"

"नाही. मी."

"मग पुन्हा काढायचा होता," त्या म्हणाल्या. "ते बसले असते की. तयार होऊन बसलेला माणूस हो तो." एवढं बोलून त्या बसथांब्याकडे निघून गेल्या. त्यांच्या आवाजात राग असता तर त्याने काहीतरी उत्तर दिलं असतं, शोध आणि धाडस वगैरे. पण राग नव्हता. टीप उसवलेली दिसली म्हणून सांगावं, तसं त्यांनी सांगितलं होतं.

घरापर्यंतचा रस्ता त्याने पायी काढला. दुपारचं ऊन होतं आणि त्या उन्हात त्याला सगळंच नको तितकं स्पष्ट दिसत होतं. फुटपाथवर थुंकीचा वाळलेला डाग, त्याची कड पातळ आणि मध्ये जाड. खाटकाच्या दुकानासमोरून वाहणारं गुलाबी पाणी. बाकावर झोपलेल्या माणसाचं उघडं तोंड आणि ओठावर बसलेली माशी. वर्गाला यायच्या आधी तो यातल्या कशाकडेही बघत नसे, नाक मुरडून पुढे जात असे. आता तो पाहत होता, उजेड कुठून येतोय ते बघत होता, आणि झोपलेल्या माणसाजवळ त्याची पावलं चक्क मंदावली. हात खांद्यावरच्या पिशवीकडे गेला. तो हात त्याने असा झटकन ओढून घेतला की समोरून येणारी बाई दचकून बाजूला झाली. ऑफिसात त्याने पकडलेल्या सगळ्या बायका त्याला आठवल्या, स्वतःचा केस उपटणाऱ्या. त्यांनी निदान स्वतःचा केस उपटला होता. याने दुसऱ्याच्या तोंडातून काढून घेतलं होतं, तेही काळजीच्या नावाखाली, आणि वर टाळी घेतली होती.  भर रस्त्यात तो खांबाला धरून उभा राहिला. मग त्याने तिथेच उभ्या उभ्या ठरवलं की घरी गेल्यावर एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पुसून टाकायचे, सरांना फोन करून नाही म्हणायचं, आणि बाबांना पुन्हा बसवून एक नीट फोटो काढायचा. त्यांनी मागितला तसा. अजून काही बिघडलं नव्हतं. बाबांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही तोवर तो त्यांना त्यांचा फोटो देऊ शकत होता. पुढची वाट तो जवळजवळ धावतच गेला.

दार बायकोने उघडलं. तिचा चेहरा फुलला होता. "अहो, बोलला नाहीत काही! पहिला नंबर? वर्गाचे सगळे निरोप माझ्या फोनवर येतात ना, सरांनी फोटो टाकल्यापासून नुसतं टिंग टिंग चाललंय." हे खरं होतं. नाव नोंदवताना त्याने तिचा नंबर दिला होता, कारण त्याच्या फोनवर दिवसभर लोकांच्या बुरश्या यायच्या. "मी दाखवला बाबांना," ती म्हणाली, आणि मग जरा आवाज उतरवून, "मला आधी कळलंच नाही हो ते आहेत म्हणून. त्यांना चष्मा दिला, फोन हातात दिला. कितीतरी वेळ बघत होते."

"काय म्हणाले?"

"काही नाही. वाचून दाखव म्हणाले, लोकांनी काय काय लिहिलंय ते. मी सगळं वाचलं. मग म्हणाले, तो आला की सांग."

बाबा खोलीत पलंगावर बसले होते. त्याने दारातच बोलायला सुरुवात केली, कारण थांबला असता तर बोलता आलं नसतं. "बाबा, तो फोटो चुकून गेला. मी तो लावू देणार नाही. आत्ता दुसरा काढू. तुम्ही म्हणाला होतात तसा. शर्ट घाला."

"चुकून कसा? पहिला आला ना?" बाबांनी विचारलं. आवाज रोजचाच होता.

"तुम्हाला न विचारता काढला. खोटं बोललो मी. हिरडीला काही झालं नव्हतं."

"ते मला तेव्हाच कळलं," बाबा म्हणाले. "माझी हिरडी मला माहीत नाही होय?" आणि उठून त्यांनी खुंटीवरचा पांढरा शर्ट घेतला. बटणं लावायला त्यांना वेळ लागत होता, तो पुढे झाला तर त्यांनी हाताने थांबवलं आणि गळ्याचं बटण स्वतः लावलं. पाण्याने भांग काढला. तोवर त्याने शटरचा वेग वाढवला, कमी उजेडासाठीचा आयएसओ वाढवला, दोनदा तपासलं. आता हलणार नव्हता. बाबा खिडकीशी खुर्चीत येऊन बसले, ताठ, जसे पेटीत उभे राहायचे तसे. तो समोर गुडघ्यावर बसला आणि त्याला वाटलं, सुटलो. इतक्या स्वस्तात सुटलो याचीच लाज वाटावी इतका सुटलो.

"थांब," बाबा म्हणाले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, पण तोंड फिरवलं नाही. त्याच्याकडे बघत, सून दारात उभी असताना, दोन बोटं तोंडात घालून त्यांनी कवळी काढली आणि रुमालात ठेवली. गाल आत गेले. मग एका हाताने त्यांनी आपला चापलेला भांग विस्कटला आणि मान तशीच कलवली, अगदी अडतिसाव्यात होती तितकीच. फोनवर त्यांनी ती नीट बघून ठेवली असणार.

"बाबा, नको. दात बसवा. हा तुमच्यासाठी आहे."

"माझं काय करायचंय," ते म्हणाले. शब्द हिरड्यांमध्ये घसरत होते. "लोक काय काय चांगलं लिहितायत तुझ्याबद्दल. इतकी वर्षं त्या ऑफिसात कोणी एक शब्द बोललं का तुला? त्यांना असाच लागतो ना, मग असाच काढ. मागच्या वेळी तुला फार थांबावं लागलं."

दारात बायकोने पदर तोंडाला लावला आणि ती आत निघून गेली. तो गुडघ्यावर तसाच होता. कॅमेरा खाली ठेवावा, उठावं, रुमालातले दात स्वतःच्या हाताने त्यांना द्यावेत, एवढंच करायचं होतं, आणि ते करायला काहीच अवघड नव्हतं. पण ऊन खिडकीच्या गजांवरून उतरून बाबांच्या गालावर आलं होतं आणि गालाच्या खळग्यात सावली भरत होती, शनिवारपेक्षा कितीतरी चांगली. हे त्याने बघायचं ठरवलं नव्हतं. ते आधीच बघून झालं होतं.

"काढ लवकर," बाबा म्हणाले, "मान अवघडते."

त्याने बटण दाबलं. मागच्या पडद्यावर फोटो उमटला, अगदी लख्ख, पापणीन् पापणी वेगळी. त्याला स्वतःची किळस आली, आणि त्याने आणखी एक काढला.